घरचं तेल टाकलं आणि मशीन जाम झाली: कुठून तपासायचं

हाताची कडबा कुट्टी, शिलाई मशीन, फवारणी पंप, बंडीचा म्हणजे बैलगाडीचा आस. यातल्या कशावरही तुम्ही तेलघाणीचं किंवा स्वयंपाकघरातलं तेल टाकत असाल तर हे वाचा. विदर्भात वरोरा-हिंगणघाट पट्ट्यात माझी दुरुस्तीची शेड आहे आणि एकच बिघाड वर्षभर फिरून फिरून माझ्याकडे येतो. आधी लक्षणं जुळतात का ते बघा.

सगळ्यात मोठी खूण ही की तेल टाकल्यावर दोन-चार दिवस मशीन लोण्यासारखी फिरते आणि मग आधीपेक्षा जड होते. तेलाच्या भोकाशी मधाच्या रंगाचा चिकटा जमलेला असतो. नखानं खरवडला की तो रबरासारखा सालीसालीनं निघतो. वास खवट येतो, दिवाळीचा चिवडा होळीला उघडावा तसा. शिलाई मशीन असेल तर पायडल मारताना पिंढऱ्या भरून येतात, टाके सुटतात, शटलपाशी दोरा गुंततो. पितळी बुश (शाफ्ट ज्यात फिरतो ती नळी) असेल तर कडेला हिरवट थर दिसतो. आणि काही मशीन फक्त थंडीत सकाळी जाम असतात, दुपारी आपोआप मोकळ्या होतात. ते वेगळं प्रकरण आहे, पुढे येईलच.

फिरवताना एकाच ठिकाणी ‘कट’ असा आवाज होत असेल, चाक डुलत असेल किंवा गिअरचा दात तुटलेला दिसत असेल, तर हा तेलाचा बिघाड नाही. त्याला कितीही धुतलं तरी उपयोग नाही, सरळ शेवटच्या भागाकडे जा.

कुट्टीला हात लावण्याआधी एक गोष्ट. मोटरवर चालणारी असेल तर नुसतं बटण बंद करून भागत नाही. वायर काढा, पट्टा उतरवा आणि मोठं चाक दोरीनं खांबाला बांधा. आपल्याकडे गेलेली लाइन कधी येईल याचा नेम नाही, आणि पट्टा उतरवला तरी पात्याचं जड चाक हाताच्या एका धक्क्यानंही फिरतं.

बाटली, बोट आणि नाक

पहिली तपासणी फुकट आहे. तेल कोणतं टाकलं ते विचारा, आणि बाटली समोर आणायला सांगा. नुसत्या तोंडी उत्तरावर जाऊ नका, कारण घरात बाटली एकानं भरलेली असते आणि तेल दुसऱ्यानं टाकलेलं असतं.

एका मामांची कुट्टी एका वर्षात तिसऱ्यांदा आली तेव्हा मी बाटली मागवली. मामा थोडे रागावलेच. ‘घरच्या जवसाचं तेल हाये बापू, भेसळीचं नाही. मशीन जड झाली का मी अजून टाकतो. तेल कमी पडलं असन म्हणून.’ भेसळ नव्हतीच. शुद्ध जवस होतं, आणि तोच सगळा घोळ होता.

जवसाचं तेल हवा लागली की सुकतं. पाणी सुकतं तसं उडून जात नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन त्याची राळ होते. म्हणून तर ते तैलरंगात जातं, लाकडाला पॉलिश म्हणून लावतात, क्रिकेटच्या बॅटला चोळतात. लाकडावर जो गुण, तोच बुशात दोष. मामा जाम झालेल्या मशीनला दर आठवड्याला वार्निशचा नवा हात देत होते.

कोणतं तेल किती सुकणार याला तेलाच्या धंद्यात एक आकडा वापरतात, आयोडीन मूल्य. १०० ग्रॅम तेल किती ग्रॅम आयोडीन धरून ठेवतं, इतकाच त्याचा अर्थ. आकडा मोठा म्हणजे तेल हवेत लवकर घट्ट होणार. जवसाचा आकडा १७० ते २००. करडईचा १४०च्या आसपास, सोयाबीनचा १२० ते १४०. तीळ आणि सरकी शंभरच्या थोडं वर. फल्लीतेल म्हणजे शेंगदाण्याचं ८५ ते १०५, एरंडी ८२ ते ९०, मोहाच्या बियांचं तेल साठ-सत्तर, आणि खोबरेल दहाच्या आतबाहेर. पूर्वेकडच्या धानाच्या बांधीत उतेऱ्यावर (उभ्या धानातच बी फेकून) घेतलेला जवस असो की पश्चिमेकडची करडई, ताटात दोन्ही उत्तम. मशीनवर मात्र टाकू नका. सोयाबीन आपल्याकडे सगळ्यात जास्त, म्हणून लोक तेच टाकतात. वाहतं असतं तेव्हा ते छान चालतं, पण उन्हाळाभर मशीन उभी राहिली की चिकटलंच समजा.

इथे कोणी म्हणेल, मग हा खटाटोपच कशाला, पेट्रोलपंपावरचं ऑइल टाका ना. बऱ्याच ठिकाणी तेच योग्य आहे, आणि पुढे मी ते सांगणारही आहे. पण कुट्टीवर लोक ट्रॅक्टरचं काढलेलं काळं तेल ओततात, ते रोलरवरून कडब्यावर उतरतं आणि जनावराच्या पोटात जातं. जळक्या ऑइलमध्ये इंजिनची झिजलेली धातू आणि जळलेला कचरा असतो. जे तेल चाऱ्यात, मातीत किंवा पाण्यात सांडणारच आहे, तिथे वनस्पतीचं तेल बरं. त्याचे रेणू धातूला घट्ट चिकटतात, त्यामुळे घासणाऱ्या भागावर त्याचा थर खरोखर चांगला धरतो. एरंडी हे काही अडाण्याचं वंगण नव्हे. पहिल्या महायुद्धातल्या विमानांच्या फिरत्या सिलिंडरच्या इंजिनांत एरंडीचंच तेल असायचं, कारण ते पेट्रोलमध्ये सहज विरघळून वाहून जात नाही. आणि दुकानात डब्यात मिळणारं लिथियम ग्रीस ज्या साबणानं घट्ट होतं, तो साबणही बहुतेक एरंडीच्या तेलापासूनच बनतो.

सकाळ आणि दुपार

दुसरी तपासणीही फुकट, फक्त एक दिवस थांबावं लागतं. डिसेंबर-जानेवारीत सकाळी सातला मशीन फिरवून बघा, मग तीच मशीन दोन तास उन्हात ठेवून परत फिरवा. मोकळी झाली तर राळ झालेली नाही, तेल गोठलं होतं. खोबरेल २४-२५ अंशांखाली गोठतं. मोहाचंही तसंच. आपल्याकडे पारा दहाच्या खाली जातो तेव्हा ते भोकात मेणासारखं बसतं आणि नवीन तेलाला आत जाऊ देत नाही.

एरंडी गोठत नाही पण भयंकर जाड होतं. ४० अंशांवर जितकं असतं त्याच्या जवळपास दहापट जाड १० अंशांवर. त्यामुळे मे महिन्यात ज्या कुट्टीला ते अगदी माफक वाटतं, तीच कुट्टी जानेवारीत ओढत नाही. बंडीच्या आसाला हे जाडपण हवंच असतं, बैलाला काही फरक पडत नाही. शिलाई मशीनला मात्र एरंडी कधीच नको, कोणत्याही ऋतूत नको. तिथे पातळ पांढरं मशीन तेल टाका, ते खनिज असलं तरी. लहान बाटली वर्षभर जाते. एका वहिनींना मीच पूर्वी कधी ‘तोवर खोबरेल टाका’ असं सांगितलं होतं, आणि संक्रांतीच्या आधी ब्लाउजांची रास पडलेली असताना मशीन घेऊन त्या माझ्याकडे आल्या. त्यांनी काही ऐकवलं नाही, पण मशीन टेबलावर ठेवली ती जरा जोरातच.

पत्रा, तवा आणि तांब्याची तार

तेलाचं नाव कळलं तरी तेल कसं आहे ते कळत नाही. त्यासाठी तीन घरगुती चाचण्या आहेत.

डब्याचं पत्र्याचं झाकण घासून पुसून घ्या. घरात जितकी तेलं आहेत त्यांचा एकेक थेंब बोटानं पातळ पसरा, बाजूला खिळ्यानं खूण करा आणि आठ दिवस उन्हात ठेवा, धूळ लागणार नाही असं. मग बोट फिरवा. जवसावर साय धरलेली असेल, करडई चिकटत असेल, एरंडी ओलंच असेल. ज्याला बोट चिकटतं ते मशीनला घालू नका. मी सांगितलेल्या आकड्यांपेक्षा हे झाकण लोकांना जास्त पटतं.

तव्याची चाचणी पाण्यासाठी. तवा तापवा, गॅस बंद करा, तेलाचे दोनच थेंब टाका, तोंड लांब ठेवा. तडतडलं तर तेलात पाणी आहे. घाणीचं ताजं तेल बहुधा थोडं ओलं आणि गाळाचं असतंच. पाणी राहिलं की तेल फुटून त्यात आम्ल तयार होतं, आणि गाळ तर सरळ भोकच बुजवतो. उपाय सोपा आहे: पंधरा दिवस निवळू द्या, वरचं तेल फडक्यातून गाळून घ्या, मंद आचेवर तडतड थांबेपर्यंत गरम करा. धूर निघेपर्यंत तापवलं तर तेल तिथेच बिघडलं.

तिसरी चाचणी, मोटरच्या जुन्या वाइंडिंगमधली तांब्याची तार. सँडपेपरनं चकचकीत करा आणि तेलात अर्धी बुडवून आठ-दहा दिवस ठेवा. तेल हिरवट झालं तर त्यात आम्ल झालंय. ते तेल पितळी बुश खाणार. अशी बाटली दिव्यात जाळा, मशीनजवळ नेऊ नका.

तेल ठेवायचं कसं हेही यातच आलं. अर्धवट भरलेली पारदर्शक बाटली खिडकीत, हा तेल खवट करायचा सगळ्यात स्वस्त मार्ग. ढोबळमानानं दहा अंश तापमान वाढलं की खराब व्हायचा वेग दुप्पट होतो, आणि मे महिन्यात आपल्या टिनाखाली काय तापतं ते सांगायला नको. लहान, काठोकाठ भरलेली, झाकणाची, अंधारात ठेवलेली बाटली घ्या.

कुटार आणि रुई

पुष्कळदा तेल बरं असतं आणि हात सढळ असतो. बुशाला दोन-तीन थेंब लागतात. लोक कुप्पी दाबून धरतात. जास्तीचं तेल बाहेर ओघळतं, त्यावर सोयाबीनचं कुटार, तुरीचा भुसा, उडती रुई बसते आणि त्याचा नमदा होतो. तो नमदा नवीन तेल पिऊन घेतो, बुश कोरडाच. वरून मशीन तेलानं थबथबलेली दिसते, म्हणून कोणाला शंका येत नाही.

तेल टाकण्याआधी जुनं पुसायचं, भोकात बारीक तार घालून साफ करायचं, मग दोन थेंब, चार फेरे, आणि बाहेर आलेलं पुन्हा पुसायचं. वनस्पतीच्या तेलाला ही शिस्त खनिज तेलापेक्षा जास्त लागते, कारण ते जागेवर पडून राहिलं की बदलतं. फल्लीतेल लावत असाल तर आणखी एक ताप, मुंग्या आणि उंदीर. उंदीर आधी तेल चाटतो आणि मग व्ही-बेल्ट कुरतडतो.

धुणं

इथून पुढे थोडा खर्च आणि अर्धा दिवस. नुसतं चिकट असेल तर डिझेल किंवा मिळालं तर रॉकेल भोकात सोडा, रात्रभर राहू द्या, सकाळी हातानं मागेपुढे फिरवा. काळं-तपकिरी पाणी येणं थांबेपर्यंत पुन्हा करा.

पण एरंडीचा चिकटा असेल तर रॉकेलवर भरवसा ठेवू नका. एरंडी खनिज तेलात नीट विरघळत नाही, त्याला स्पिरिट लागतं. हे मला बरंच उशिरा कळलं. त्याआधी मी एकाच कुट्टीवर दोन लिटर रॉकेल वाया घालवलं होतं आणि मशीनलाच शिव्या देत होतो. याच कारणानं एरंडीवर इंजिन ऑइल किंवा इंजिन ऑइलवर एरंडी टाकू नका. दोन्ही एकमेकांत धड मिसळत नाहीत, नुसता चोथा होतो. तेल बदलायचं तर आधीचं पूर्ण धुवून काढा.

राळ कडक झाली असेल तर भाग खोलून धुण्याच्या सोड्याच्या कढत पाण्यात भिजत घाला. सोडा जुन्या तेलाचा साबण करतो आणि तो ब्रशनं निघतो. लोखंडाला चालतं. ॲल्युमिनियमचा भाग त्यात टाकू नका, सोडा तो खातो. नंतर स्वच्छ पाण्यानं धुऊन, कडकडीत वाळवून, लगेच तेल लावा, नाहीतर संध्याकाळपर्यंत गंज.

आता चिंध्या. याकडे कृपा करून लक्ष द्या. जवस किंवा करडईचं तेल पुसलेल्या चिंध्यांचा, रुईच्या बोळ्यांचा ढीग करून कोपऱ्यात टाकला तर तो आपोआप पेटू शकतो. तेल सुकताना उष्णता निघते, ढिगाच्या पोटातून ती बाहेर जात नाही, आणि कापूस तर जळायला तयारच असतो. माझ्याच शेडमध्ये एका संध्याकाळी टोपल्यातून धूर निघाला, जवळ ना विडी होती ना वायर. बाजूला कापसाचे गाठोडे असते तर काय झालं असतं, याचा मी अजून विचार करत नाही. चिंध्या मोकळ्यावर एकेक सुट्या पसरून वाळवा किंवा झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात पाण्यात बुडवून ठेवा. कापूस साठवलेल्या खोलीत हे काम करूच नका.

धुऊन झाल्यावर मी काय टाकतो: कुट्टीच्या उघड्या बुशांना आणि रोलरला उन्हाळ्यात एरंडी, थंडीत निवळलेलं फल्लीतेल. गिअरच्या दातांना एरंडी, ब्रशनं पातळ. विळे, पाती, कुदळी ठेवून देताना एरंडीचं बोट. फवारणी पंपाच्या चामडी वायसरला आणि साध्या रबरी वायसरलाही एरंडी चालतं, डिझेल-ऑइलनं तसलं रबर फुगतं. बंडीच्या आसाला एरंडी हे जुनंच आहे, वंगणाचा नळा गाडीखाली लटकायचा तो काही शोभेला नव्हता. करंजाचं तेलही आसाला चालतं, पण ते कडू आणि खाण्यालायक नाही, म्हणून चाऱ्याच्या मशीनवर मी लावत नाही. एरंडीची ढेप मात्र जनावरापासून लांब ठेवा, ती विषारी असते.

मशीन दोन महिन्यांहून जास्त उभी राहणार असेल तर वनस्पतीचं तेल आत ठेवून तिला उभी करू नका. शेवटच्या दिवशी पुसून, धुऊन, पातळ खनिज तेलाचा हात देऊन झाका. यावर काही मंडळी माझ्यावर रागावतात, सगळं सेंद्रिय पाहिजे म्हणतात. त्यांच्याही मशीन मीच सोडवतो.

बुश खोलणं

धुतल्यावरही जड असेल तर शाफ्ट काढून बघावं लागतं. बुशात बोटाचं नख अडकेल अशी खाच आहे का, पितळ हिरवं होऊन खरबरीत झालंय का, तेलाचं भोक आणि बुशाचं भोक समोरासमोर आहे का. शेवटचं हास्यास्पद वाटेल, पण बुश फिरून बसलेला असतो आणि वर्षानुवर्षं तेल आत पोचतच नाही. असं दिसलं तर जुनी जागा खुणेनं मिळवून बसवा. हिरवा थर पातळ असेल तर पुसून काढून तेल बदला. शाफ्ट बसवून हातानं वर-खाली हलवल्यावर खुळखुळत असेल तर बुश गेला. तेल जाड करून खुळखुळ लपवायच्या भानगडीत पडू नका.

इथे थांबा

ट्रॅक्टरच्या किंवा डिझेल पंपाच्या इंजिनात घरचं तेल चुकून गेलं असेल तर इंजिन चालू करू नका. आतली उष्णता आणि जळणातून आलेलं पाणी मिळून त्या तेलाचा जेलीसारखा गोळा होतो आणि तेलाचे रस्ते बुजतात. चालू केलंच असेल तर बंद करून मिस्त्रीला बोलवा, ऑइल आणि फिल्टर दोन्ही काढावे लागतील. ट्रॅक्टरचं हायड्रॉलिक, बंद गिअरबॉक्स, पाणबुडी मोटर, दोन्ही बाजूंनी सील केलेली बेअरिंग यांनाही तेच. यात आपलं तेल घालायचंच नाही, आणि गेलं तर स्वतः खोलायचं नाही.

मोटर गुरगुरते पण फिरत नाही, गरम होऊन वास मारते, बॉडीला झटका लागतो, तर तेलाचा विचार सोडा आणि वाइंडिंगवाल्याकडे जा. शाफ्ट वाकलेला, चाकाला तडा, गिअरचा दात गेलेला किंवा बुश खुळखुळणारा असेल तर लेथवाला. कुट्टीच्या चाकाला तडा दिसला तर ती एक फेराही फिरवू नका. घरी वेल्डिंग मारून पुन्हा जुंपायची तर मुळीच नाही, फिरताना त्याचा तुकडा उडाला तर कोणाला लागेल सांगता येत नाही. वॉरंटीतली मशीन खोलण्याआधी कागद वाचा.

लेथवाल्याकडे नेताना मशीन धुऊन नेऊ नका, चिकटा आहे तसा राहू द्या. आणि जे तेल टाकत होता ती बाटली सोबत न्या.